मस्टरसाहेब लेकीला मार्गी लावतात

मस्टरसाहेब बुधवारी निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी त्यांच्या लेकीचा पदवीचा निकाल लागला. म्हणजे एकाच आठवड्यात घरातलं एक माणूस ऑफिसातून सुटलं आणि एक कॉलेजातून. सोमवारी सकाळी दहा वाजता घरात अशी दोन माणसं उरली, की ज्यांना कुठेच जायचं नव्हतं. त्यातल्या एकाला याचं काहीच वाटत नव्हतं. दुसरे मस्टरसाहेब होते.

त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं त्यांनी हजेरीचं मस्टर सांभाळलं, म्हणून ते मस्टरसाहेब. दहा वाजून दहा मिनिटं झाली की लाल पेन उघडायचं आणि ज्याची सही नाही त्याच्या नावापुढे रेघ मारायची. मग तो शिपाई असो की मोठ्या साहेबांचा मेहुणा. एकाने दुसऱ्याची सही ठोकण्याचा प्रकार इतर ऑफिसांत सर्रास चालतो, इथे तो एकदाच झाला आणि तो करणारा माणूस पुढे सहा महिने मस्टरसाहेबांना पाहिलं की जिना बदलायचा. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते रोज पाच मिनिटं मागे पडतं. हे मुद्दाम केलंय, असा मस्टरसाहेबांना आजही संशय आहे.

तर सांगायचं म्हणजे, अशा माणसाला रिकामं बसवत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले डबे तारखेप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात बायकोने हात जोडले. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायला जाते, सकाळी सातला घर सोडते, आणि परत आल्यावर हळद 'मागील शिल्लक' या चिठ्ठीखाली सापडणं तिला झेपत नव्हतं.

"अहो, दुसरं काहीतरी बघा ना," ती म्हणाली.

मस्टरसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं, आणि समोर लेक दिसली.

लेकीला घरात चिमा म्हणतात. चिमा भौतिकशास्त्र शिकलेली, अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. तिच्या मनात काय आहे हे खरं तर अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. ही इमारत पाच मजल्यांची, आणि तिची लिफ्ट पंधरा दिवसांतून एकदा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये रुसून बसते. मग लिफ्टवाले येतात. पांढऱ्या मिशांचे, पट्ट्याला पाने-पक्कड लटकवलेले. ते आले की चिमा त्यांच्या शेजारी बॅटरी धरून उभी. आधी नुसती बॅटरी धरायची, मग पाना द्यायला लागली, मग एक दिवस गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून तिचा आवाज आला, "मामा, ब्रेकच झिजलाय, बघा!" हे पाचही मजल्यांनी ऐकलं. मस्टरसाहेबांनीही ऐकलं. त्यांना वाटलं, पोरगी लिफ्टची वाट बघून कंटाळलीय.

तिने सांगायचा प्रयत्नही केला होता. "बाबा, मला ना त्या लिफ्टचं..."

"तक्रार दिलीय मी," मस्टरसाहेब म्हणाले. "लेखी दिलीय."

संपलं. त्यानंतर चिमा रोज सकाळी साडेआठला 'वाचनालयात जाते' असं सांगून बाहेर पडायला लागली आणि दुपारी हातावर काळे डाग घेऊन परत यायला लागली. वाचनालयात इतकी शाई कशी लागते, हा प्रश्न मस्टरसाहेबांच्या मनात आला होता. पण विचारायचं राहून गेलं, कारण त्यांच्यामागे तेव्हा व्याप फार होता. ते तिचं करिअर घडवत होते.

प्रथम त्यांनी तिची माहितीची दोन पानं तयार केली. आजवर त्यांनी जन्मभर फक्त कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकात नोंदी केल्या होत्या, त्यामुळे ही पानं त्याच वळणाने गेली. 'वर्तणूक: समाधानकारक. प्रकृती: सर्दी वगळता ठीक. रजा: नियमाप्रमाणे. विशेष: वरिष्ठांशी उलट बोलत नाही (अपवाद: आई).' चिमाने ती वाचली आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ उशीत तोंड खुपसून बसली. भारावून गेली असेल, असं मस्टरसाहेबांना वाटलं.

मग शेजारी आले. म्हणजे बोलावले नव्हते, पण मस्टरसाहेबांनी ही पानं घेऊन जिना उतरायला सुरुवात केल्यावर ते आपोआप दारात येऊन उभे राहिले. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांचा मुलगा परदेशात काहीतरी करतो. काय करतो ते डॉक्टरांना तीन वेळा विचारलं तर तीन वेगवेगळी उत्तरं येतात, पण फार मोठं काहीतरी करतो. डॉक्टरांनी पानं वाचली आणि हळहळले.

"यात नेतृत्व कुठे आहे?"

"नेतृत्व?" मस्टरसाहेब गोंधळले.

"हल्ली नेतृत्व बघतात. मुलीला घेऊन या दवाखान्यात, समजावतो."

म्हणून एका मंगळवारी सकाळी मस्टरसाहेब चिमाला वाचनालयाच्या वाटेवरून धरून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर मध्येमध्ये पेशंट बघत होते. एका गृहस्थाच्या तोंडात आरसा घालून ते चिमाला म्हणाले, "स्वतःला विकायला शिकायचं." गृहस्थ घाबरून काहीतरी पुटपुटले. तीन तासांनी बाप-लेक बाहेर पडले तेव्हा चिमाची एक दाढ किडलीय एवढं एकच निश्चित कळलं होतं.

तळमजल्यावरच्या औषधवाल्यांचं मत अगदी उलट. नेतृत्व वगैरे सगळं झूट, म्हणाले, खरी गोष्ट व्यक्तिमत्त्व. त्यांच्या साडूच्या ओळखीत एक दिवसाचं शिबिर होतं. मस्टरसाहेबांनी चिमाचं नाव घातलं आणि स्वतः मागच्या रांगेत बसले. शिबिरात सर्वांना डोळे मिटून मागे पडायला सांगितलं, मागचा माणूस झेलेल म्हणाले. मस्टरसाहेबांच्या मागे कोणीच नव्हतं, ते शेवटच्या रांगेत होते. कंबर आठवडाभर शेकावी लागली.

आणि फोटो. अर्जावरच्या फोटोत कोट हवा, असं दोघांचंही मत पडलं, आणि दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट असल्यामुळे मस्टरसाहेबांनी ती प्रमाण मानली. कोट डॉक्टरांच्या मुलाचा. त्यात चिमा अजून दोघींना घेऊन बसली असती. संध्याकाळी काढलेला पहिला फोटो बिघडला म्हणून एक सकाळ मोडून दुसरा काढला, आणि त्यात चिमा अशी दिसते की जणू कोटानेच अर्ज केला आहे.

"तिला काय करायचंय ते विचारलंत का?" बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं.

"ते नंतर. आधी नोकरी लागू दे."

"अहो, तिला विचारा."

"मी काय गप्प बसलोय का? एवढी धावपळ कोणासाठी चाललीय?" मस्टरसाहेब दुखावले. बायकोने भाजीकडे लक्ष दिलं.

याच सुमारास शहरात एक योजना निघाली. नव्या पदवीधरांना वर्षभर एखाद्या कारखान्यात किंवा ऑफिसात शिकाऊ म्हणून घ्यायचं आणि नंतर तिथेच चिकटवायचं. 'युवा मार्गदर्शन कक्ष' असं ऑफिस उघडलं होतं. चिमाने अर्ज आधीच आणला होता, आणि पसंतीच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पहिली पसंती: लिफ्ट देखभाल व दुरुस्ती. (एकच जागा.)' ती एकच जागा लिफ्टवाल्या मामांच्याच कंपनीतली होती. हे सगळं मस्टरसाहेबांनी वाचलं. डॉक्टर म्हणाले होते की मुलं पहिली पसंती गंमत म्हणून लिहितात. शिवाय त्यांच्या ऑफिसात पेन्सिलीची नोंद धरत नसत. दुसऱ्याने केलेली नोंद खोडणं मात्र त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी तिला हात लावला नाही, फक्त खाली शाईने लिहिलं: 'दुसरी पसंती: अभिलेख कक्ष, जुन्या फायली.' मग अर्ज घेतला आणि स्वतःच गेले. चिमा 'वाचनालयात' होती.

खिडकी क्रमांक तीनमध्ये एक बाई होत्या. चष्मा कपाळावर, नजर कागदावर.

"चाळीस दिवसांच्या कामाच्या अनुभवाचा दाखला?" बाईंनी विचारलं.

"तो कशाला? योजना तर शिकाऊंसाठी आहे ना?"

"हो."

"म्हणजे ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी."

"हो."

"मग अनुभव कशाला हवा?"

"त्याशिवाय शिकाऊ म्हणून घेत नाहीत."

मस्टरसाहेबांनी हे वाक्य मनातल्या मनात पुढून मागे आणि मागून पुढे वाचून पाहिलं. दोन्हीकडून ते सारखंच लागत होतं. "पण बाई, हे कसं काय?"

"ते प्रशिक्षणात सांगतील," बाई म्हणाल्या आणि त्यांनी योजनेची छत्तीस पानी पुस्तिका त्यांच्या हातात ठेवली. "दाखला शेवटच्या दिवशी आणलात तरी चालेल. मोबाईल नंबर टाका. ऑनलाइन कल चाचणी येईल त्यावर."

त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. आता यात चूक काय, सांगा. मुलीचं काम, बापाचा नंबर.

दाखल्याची बातमी इमारतीत पोचायला जिन्याच्या तीन पायऱ्याही लागल्या नाहीत. औषधवाल्यांनी लगेच कागद पुढे ओढला. "हात्तिच्या! त्यात काय? 'माझ्या दुकानात चाळीस दिवस काम केलं,' लिहून देतो. शिक्का पण आहे."

मस्टरसाहेब ताठ झाले. "खोटी हजेरी?"

"खोटी कशी? दुकानात येते की ती. सर्दीच्या गोळ्या घ्यायला."

"एकतीस वर्षांत," मस्टरसाहेबांचा आवाज चढला, "माझ्या मस्टरमध्ये तो एक प्रसंग सोडला तर कोणी दुसऱ्याच्या नावावर टिंबसुद्धा दिलं नाही. आणि माझ्या पोटच्या पोरीसाठी मी हे करू? मान खाली घालून?" गिऱ्हाईकं थांबून ऐकायला लागली. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले एक आजोबा खोकायचे थांबले. मस्टरसाहेब दुकानातून बाहेर पडले तेव्हा त्यांना स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दुसऱ्याच दिवशी दुपारी तीन वाजता त्यांचा मोबाईल वाजला.

कल चाचणी. एकशे वीस प्रश्न. संध्याकाळी पाचपर्यंतच भरता येईल, नाहीतर अर्ज बाद.

चिमा घरी नव्हती. फोन लावला, तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर. (ती तेव्हा कुठल्याशा सातमजली इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात बसून तळाच्या स्प्रिंगा पुसत होती, पण हे मस्टरसाहेबांना कुठून कळणार?) बायको लॅबमध्ये. साडेतीन झाले. चार झाले. मस्टरसाहेब खोलीत येरझाऱ्या घालत होते. सव्वाचारला त्यांनी चष्मा लावला.

ही काही सही नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सही असती तर गोष्ट वेगळी. ही नुसती उत्तरं. आणि तिला आपल्याइतकं ओळखतं कोण?

पहिले दहा प्रश्न त्यांनी खरोखर चिमाचे म्हणून भरले. पण प्रश्न लबाड होते. 'वस्तू जागच्या जागी नसल्या तर तुम्ही अस्वस्थ होता का?' फार. 'अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का?' नाही. 'उंच जागी काम करायला आवडेल का?' छे. 'अवजारं हाताळता का?' पंच मशीन. 'तुमचे वरिष्ठ तुमचं ऐकतात का?' इथे मस्टरसाहेबांना एकदम बरीच वर्षं आठवली आणि त्यांनी 'कधीच नाही' यावर जोरात बोट दाबलं. शेवटचा प्रश्न होता, 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' पाच वाजायला दोन मिनिटं होती. त्यांनी टाईप केलं, 'घरी.'

चौथ्या दिवशी कक्षातून बोलावणं आलं. उमेदवाराने मूळ कागद आणि दाखला घेऊन यावं, यादी त्याच दिवशी पाच वाजता बंद. चिमा धुतलेल्या हातांनी आणि फार गप्प अशी निघाली. दाखल्याचं मी बघते, एवढंच म्हणाली आणि तिने एक जाडजूड वही पिशवीत घातली. चाचणीबद्दल मस्टरसाहेब तिला सांगणार होते, पण ऐन बसमध्ये कसं सांगायचं? मग उतरल्यावर सांगू म्हणाले, आणि उतरल्यावर रांग लागली.

समुपदेशक हा पंचविशीचा मुलगा निघाला. दोन मोबाईल, एक कोरी वही, आणि चेहऱ्यावर डॉक्टर वाईट बातमी देताना असतो तसा भाव. त्याने चिमाला बसायला सांगितलं. मग पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो," चिमा म्हणाली. "का?"

"नाही, म्हणजे... तुमच्या वयात इतका थकवा मी आजवर पाहिला नाही." त्याने कागद उलटला. "संगणकाचा निष्कर्ष वाचतो. 'उमेदवाराला जगाने फार छळलं आहे. उंची, वेग, अवजारं आणि माणसं यांपासून दूर ठेवावं. योग्य क्षेत्र: जुन्या फायली. अन्यथा विश्रांती.' म्हणून लिफ्टची तुमची पहिली पसंती रद्द होते. अभिलेख कक्ष मिळेल. लिफ्टच्या जागेसाठी यादीत पुढचा उमेदवार घेऊ."

चिमा पांढरीफटक पडली. तिने खुर्चीचे दोन्ही हात धरले. "पण मी चाचणी दिलीच नाही!" ती म्हणाली. "मी वाट बघत होते लिंकची. मला आलीच नाही."

"मग दिली कोणी?"

खोलीत पंखा फिरत होता. मस्टरसाहेबांनी आयुष्यात प्रथमच पंख्याच्या पात्या मोजल्या. तीन होत्या. दुसऱ्यांदा मोजल्या तरी तीनच. चिमाने सावकाश मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की ती पेन्सिलीची ओळ गंमत नव्हती. हातावरचे काळे डाग शाईचे नव्हते. पोरगी चार महिने एकच गोष्ट मागत होती, आणि आपण तिच्या वाटेत खुर्ची टाकून बसलो होतो.

गप्प बसलं तर तिला फायली मिळतील. खरं सांगितलं तर एकतीस वर्षांच्या मस्टरवर शाई सांडेल. मस्टरसाहेब उभे राहिले. उगीचच उभे राहिले, पण बसून बोलवेना.

"मी दिली," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नावावर. तो थकलेला माणूस मी."

समुपदेशकाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग निष्कर्षाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं दिसलं. "हां! म्हणजे संगणक बरोबर आहे."

"तिची चाचणी पुन्हा घ्या. हात जोडतो."

"एका अर्जावर एकच चाचणी, सर. झालेली चाचणी खोडता येत नाही. फक्त खऱ्या उमेदवाराच्या नावावर वळवता येते. ती वळवली की यांची जागा मोकळी होईल, मग या देऊ शकतील."

"मग वळवा ना!"

"खऱ्या उमेदवाराचा अर्जच नाही."

"कोण खरा उमेदवार?"

"तुम्ही."

मस्टरसाहेब खुर्चीत बसले. "मी युवा नाही," ते क्षीणपणे म्हणाले.

"वयाची अट नव्या पदवीधरांना आहे. 'कामात खंड पडलेले' हा वेगळा गट आहे, त्याला अट घालायची राहून गेलीय. तुम्हाला किती खंड पडलाय?"

"चार महिने."

"मग बसता तुम्ही," समुपदेशक म्हणाला आणि त्याने कोरा अर्ज पुढे केला.

आता घड्याळात अडीच. मस्टरसाहेब युवा मार्गदर्शन कक्षाचा अर्ज भरायला लागले. शिक्षण, छंद, सामर्थ्य, उणिवा. उणिवांसाठी तीन ओळी होत्या आणि चिमा शेजारी बसून बघत होती, त्यामुळे त्या सगळ्या भरल्या. शेवटी 'घरातल्या कमावत्या व्यक्तीची संमती, फोनवर चालेल.' बायकोला लॅबमध्ये फोन लावला.

"अगं, मला इथे शिकाऊ म्हणून नाव घालायचंय. तुझी संमती हवी."

पलीकडून बायको म्हणाली, "संमती आहे. आजच घेतात का ते?"

चाचणी वळली. चिमा पलीकडच्या संगणकावर बसली आणि पस्तीस मिनिटांत एकशे वीस प्रश्न संपवून उठली. निष्कर्ष आला: 'अवजारं, उंची, अडकलेल्या गोष्टी मोकळ्या करणं.' साडेतीन वाजता दोघं खिडकी क्रमांक तीनसमोर उभे राहिले.

"अनुभवाचा दाखला?" बाई म्हणाल्या.

चिमाने पिशवीतून वही काढली. मस्टरसाहेबांनी मान पुढे करून ती पाहिली. वहीत पट्टीने आखलेले रकाने होते. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम, सही, शेरा. ते रकाने आखायला त्यांनी तिला कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी रविवारी ते घरी मस्टर आखायचे, तेव्हा ती शेजारी पोटावर पडून चित्रं काढायची. चित्रं काढत होती असं त्यांना वाटायचं. रोजच्या ओळीवर लिफ्टवाल्या मामांची वाकडीतिकडी सही होती, आणि खाली कंपनीचा शिक्का.

बाईंनी बोट फिरवत मोजलं. पुन्हा मोजलं. "सदतीस. तीन दिवस कमी पडतात. हे तीन दिवस गैरहजर लावलेत."

"मामा म्हणाले होते, हजर लाव, कोण बघतंय," चिमा खाली बघत म्हणाली. "पण मी नव्हते ना त्या दिवशी."

मस्टरसाहेबांनी वही आपल्याकडे ओढली. लाल पेनाने, नेमक्या त्यांच्याच पद्धतीने, तीन रेघा मारलेल्या होत्या. शेऱ्यात लिहिलं होतं: 'गैरहजर. बाबांबरोबर दातांच्या डॉक्टरांकडे.' 'गैरहजर. बाबांबरोबर व्यक्तिमत्त्व शिबिरात.' 'गैरहजर. बाबांबरोबर फोटोला (पुन्हा).'

त्यांनी ते तीनदा वाचलं. बाई वाट बघत होत्या. मागे रांगेतला कोणीतरी खाकरला. आणि मग मस्टरसाहेबांनी बगलेतली ती छत्तीस पानी पुस्तिका काढली. ही पुस्तिका अख्खी वाचलेला माणूस पृथ्वीवर बहुधा एकच होता, छापणाऱ्यासकट.

"पान एकोणतीस," ते म्हणाले, आणि त्यांचा ऑफिसातला आवाज परत आला. "कलम सात, खालची बारीक टीप. 'पालकाने अथवा वरिष्ठाने शिकाऊस अन्य कारणासाठी नेल्यास तो दिवस हजर धरावा. मात्र नेणाऱ्याने तसं लेखी द्यावं.'"

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बहुधा त्या दिवसात पहिल्यांदाच. टीप वाचली. "कारण काय लिहिणार? त्या तीन दिवसांत काय मार्गदर्शन झालं?"

मस्टरसाहेबांनी विचार केला. फार वेळ लागला नाही. त्यांनी चिमाच्या वहीत, तीन लाल रेघांसमोर, शाईने लिहिलं: 'उमेदवाराचा दोष नाही. मार्गदर्शन काहीच झालं नाही. गैरहजेरीस मी जबाबदार.' आणि खाली सही केली. एकतीस वर्षांत लोकांकडून त्यांनी अशा शेकडो सह्या घेतल्या होत्या. करायला किती जड जाते, हे त्यांना माहीत नव्हतं.

बाईंनी शिक्का मारला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बसमध्ये चिमा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाबा, पाच वर्षांनी 'घरी' लिहिलंत? माझ्या नावावर?"

"घाई होती," मस्टरसाहेब पुटपुटले.

ती हसायला लागली, आणि तिचं हसू थांबेना. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. मस्टरसाहेबांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सरकारी कागद एकदा निघाला की तो पोचल्याशिवाय राहत नाही. पंधरा दिवसांनी दोन पत्रं आली. चिमाला लिफ्ट कंपनीत जागा मिळाली. आणि दुसरं पत्र 'कामात खंड पडलेले' या गटातल्या एकमेव उमेदवाराला होतं. युवा मार्गदर्शन कक्षालाच शिकाऊंची हजेरी आणि जुन्या फायली सांभाळायला माणूस हवा होता, आणि संगणकाच्या मते जुन्या फायलींसाठी इतकं योग्य माणूस उभ्या शहरात दुसरं नव्हतं. सोमवारी सकाळी दहाला रुजू व्हायचं. प्रशिक्षण देणार, खिडकी क्रमांक तीनच्या बाई.

सोमवारी मस्टरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून सव्वानऊलाच घरातून निघाले. लिफ्टमध्ये शिरले, बटण दाबलं, आणि चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट खटकन थांबली. त्यांनी लाल बटण दाबलं. मग हिरवं. मग दोन्ही. मग दार ढकलून पाहिलं. मग तक्रारीचा मसुदा मनात तयार केला. नऊ चाळीसला वरून खडखडाट ऐकू आला आणि फटीतून बॅटरीचा उजेड आत पडला.

"आत कोण आहे?" चिमाचा आवाज.

"मी."

"बाबा? कशाला हात लावलात का?"

"सगळ्याला," मस्टरसाहेबांनी कबूल केलं. बाहेर मामा हसल्याचं ऐकू आलं. मस्टरसाहेबांनी शर्टाची बाही सारखी केली. पहिला दिवस, आणि उशीर. इतर कुठल्याही दिवशी त्यांनी आतून चार सूचना दिल्या असत्या. त्या जिभेवर आल्याही. पण त्यांनी एक गोष्ट केली जी गेल्या चार महिन्यांत केली नव्हती.

"चिमे," त्यांनी विचारलं, "मी काय करू?"

वर पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"काही करू नका, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. "नुसते उभे राहा. मी आहे."

ते उभे राहिले. हात खिशात घालून, अगदी सरळ.

कक्षात पोचायला त्यांना दहा वाजून बावीस मिनिटं झाली. बाईंनी मस्टर पुढे केलं. त्यांच्या नावापुढे लाल रेघ आधीच मारलेली होती, आणि अगदी बरोबर मारली होती, हे त्यांनी मनात मान्य केलं. उशिराच्या कारणाचा रकाना रिकामा होता. मस्टरसाहेबांनी पेन उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'लिफ्टमध्ये अडकलो होतो. लेक कामावर हजर होती, तिने काढलं.'